झेंडावंदनाला कुणाकुणाची नावं घ्यायची?

"मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. परिपाठ आणि फाटकाजवळचा वृत्तफलक या दोन्ही गोष्टी बरीच वर्षं माझ्याकडं आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर आठवडाभर फलकावर तोच विषय होता. १ मे च्या झेंडावंदनाला आम्ही सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी जवळ आली. तिचे वडील राज्य राखीव पोलीस दलात आहेत, गडचिरोलीत बंदोबस्ताला जाऊन आलेत. म्हणाली, 'बाई, बाबा सांगतात, तिकडं १ मे लाच पंधरा पोलीस गेले होते. त्यांच्यासाठी आपण कधी उभं नाही राहिलो ते?' मला उत्तर सुचलं नाही. शिक्षक खोलीत विषय काढला, तर एक सर म्हणाले, सगळा मीडिया विकला गेलाय. दुसऱ्या बाई म्हणाल्या, रोज कुठं ना कुठं माणसं मरतात, किती जणांसाठी उभं राहणार? त्यातच दहावीतल्या एका मुलानं मोबाइलवरचा मेसेज दाखवला, 'आफ्रिकेत शेकडो मेले, मीडिया गप्प का?' काही हल्ल्यांच्या बातम्या महिनाभर चालतात, काहींना दोन ओळी मिळतात, हे कशानं होतं? मुलांना काय सांगू? फलकावर काय लिहू? आणि खरं सांगायचं तर पहलगामच्या वेळी मी रडले, बाकीच्यांसाठी डोळ्यांत पाणी आलं नाही. हे माझं चुकतंय का?"

एक शिक्षिका, कोल्हापूर

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थिनीचे वडील बरोबर सांगतात. १ मे २०१९ ला गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडं निघालेलं क्यूआरटीचं, म्हणजे पोलिसांचं शीघ्र कृती, पथक एका खासगी गाडीतून चाललं होतं. पंधरा जवान गेले आणि त्यांच्या गाडीचा चालकही गेला. तो पोलीस नव्हता, म्हणून आकडा सांगताना बऱ्याचदा गळतो. मुलीशी बोलाल तेव्हा त्यालाही मोजा.

तिला द्यायचं उत्तर सरळ आहे आणि ते आधी द्या: तुझं बरोबर आहे, उभं राहायला हवं होतं, पुढच्या १ मे ला राहू. का राहिलो नाही, याचं उत्तर मात्र मोठं आहे. ते आधी तुमच्या मनात स्वच्छ असायला हवं, कारण शिक्षक खोलीतल्या दोन्ही उत्तरांनी त्या मुलीचं समाधान होणार नाही.

मालक, जाहिराती, टीआरपी यांचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकत नाही. पण जांभुळखेड्याची बातमी कुणी पैसे देऊन दाबली, असं म्हणायला कसलाही आधार नाही. ती पहिल्या पानावर आली होती. नंतर विरली. ती का विरली आणि पहलगाम का टिकलं, हे कळायला बातमी पानावर कशी येते ते बघावं लागतं. मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर अनेक वर्षं पानं लावली आहेत, तेव्हा तिथूनच सांगतो.

रात्री साडेदहाच्या पुढं एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, एक कॉपी (बातमीचा मजकूर) येते. 'पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी एकाची हत्या केली.' खाली गावाचं नाव, तालुका, मृताचं नाव आणि वय. बस्स. फोटो नाही. घरी कोण कोण आहे, माहीत नाही. त्या माणसाचं शेत किती, तो आदल्या दिवशी काय करत होता, कुणी विचारलेलं नाही, कारण विचारायला तिथं कुणी गेलेलंच नाही. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान तोवर छपाईला सुटलेलं असतं. शहर आवृत्तीत आतल्या पानावर तळाला चार ओळींची जागा उरली तर ती बातमी लागते, नाहीतर उद्यावर जाते आणि उद्या ती शिळी असते. डेस्कवरचा माणूस दुष्ट नसतो. त्याच्यापुढं दोनच गोष्टी असतात, हाताशी आलेला मजकूर आणि उरलेली जागा. ज्या गावात वार्ताहर नाही, तिथला मजकूरच कमी येतो. मजकूर कमी, म्हणून जागा कमी. जागा कमी म्हणून वाचकाला ते गाव कधी कळत नाही. आणि वाचकाला माहीत नसलेल्या गावात वार्ताहर नेमायला कुठलाच पेपर तयार होत नाही.

हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला. शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात होती आणि बाहेरच्या वाहिन्यांचे कॅमेरे यायला वेळ लागला. तेव्हा आपल्याला किती राग आला होता! कॅमेरा रस्त्यानं येतो. जिथं रस्ता नाही, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, तिथलं मरण उशिरा कळतं आणि अर्धवट कळतं. नागपूरहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागड तिथून आणखी दूर, आणि लाहेरी भामरागडच्याही पलीकडं. त्या लाहेरीजवळ ८ ऑक्टोबर २००९ ला १७ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ गेले होते, मे महिन्यात हत्तीगोट्याजवळ १६, त्यांत महिला पोलीसही होत्या. तीन घटनांत ४८ पोलीस, एका वर्षात, एका जिल्ह्यात, आपल्याच राज्यात. तेव्हा मुंबईच्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. मुंबईत कुठं कुठं गोळीबार झाला ते तुमच्या वर्गातली मुलं घडाघडा सांगतील. मरकेगाव नकाशावर दाखवा म्हटलं तर शिक्षक खोलीतसुद्धा कठीण जाईल.

उलट बाजूही कोल्हापूरला ठाऊक आहे. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला पानसरे गेले. इथं त्या खटल्याची तारीख पडली तरी बातमी होते, निर्भय मॉर्निंग वॉक निघतो. चंद्रपूरच्या वाचकाला त्यातलं काही दिसत नसेल, तर त्याच्या मनाला दोष देता येणार नाही.

आता मुंबईच्याच हल्ल्याकडं बघा, कारण एकाच रात्रीत, एकाच शहरातही सगळ्या मृतांना सारखी जागा मिळाली नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या त्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली. त्यांतली पन्नासहून अधिक सीएसटी स्थानकात. गावाकडं निघालेली, बोचकी घेऊन फलाटाजवळ बसलेली माणसं. तिथला गोळीबार फार वेळ चालला नाही. हल्लेखोर कामा हॉस्पिटलकडं गेले आणि स्थानकातली घटना 'घडून गेलेली' झाली. ताजमध्ये आणि ट्रायडंटमध्ये मात्र ती पुढचे दिवस घडतच राहिली. कॅमेरा चालू घटनेवर थांबतो, संपलेल्या घटनेवर नाही. शिवाय ताजचा घुमट, त्यातून निघणारा धूर, आत अडकलेले परदेशी पाहुणे आणि नावाजलेली माणसं. जगभरच्या वाहिन्यांना हवं ते सगळं एका चौकटीत होतं. सीएसटीचं जे चित्र लोकांच्या मनात राहिलं, ते 'मुंबई मिरर'चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी जीव धोक्यात घालून काढलेलं कसाबचं छायाचित्र. त्या छायाचित्रानं न्यायालयात मोठं काम केलं. पण त्या स्थानकात गेलेल्या पन्नासांपैकी एकाचाही चेहरा आपल्याला आठवत नाही आणि मारणाऱ्याचा आठवतो, हे मला अजून खुपतं.

त्याच हल्ल्याच्या आधी महिनाही झाला नव्हता. ३० ऑक्टोबर २००८ ला आसामात गुवाहाटी, कोक्राझार, बारपेटा रोड आणि बोंगाईगावला एकामागून एक स्फोट झाले, ८० हून अधिक माणसं गेली. महाराष्ट्रात हे किती जणांना आठवतं? आसाम दूर, आपलं माणूस तिथं नाही, आणि 'ईशान्येत हे चालतंच' असा समज आपल्या डोक्यात आधीच बसलेला. हा शेवटचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. ज्या जागी हिंसा रोजची आहे असं आपण ठरवून टाकतो, तिथली पुढची घटना बातमी राहत नाही. बगदादच्या कर्रादा भागात ३ जुलै २०१६ ला ईदच्या खरेदीला आलेली तीनशेच्या वर माणसं एका स्फोटात गेली. सोमालियातल्या मोगादिशूत १४ ऑक्टोबर २०१७ ला ट्रकमधल्या स्फोटकांनी ५८० हून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात मँचेस्टरला गाण्याच्या कार्यक्रमात २२ जणांचा बळी गेला. मँचेस्टरचं दुःख खोटं नव्हतं, त्यात लहान मुली होत्या. पण या तिन्हींच्या बातम्या शेजारी ठेवल्या तर आकड्यांशी जागेचं काही नातं लागत नाही. जिथं असं होत नाही असं आपण मानतो, तिथं झालं की धक्का बसतो, आणि बातमी धक्क्यावर चालते.

ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी टिपली आहे. नॉर्वेचे योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी १९६५ साली काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या वृत्तपत्रांत कशा आल्या ते तपासलं होतं. जवळचं, बलाढ्य देशातलं, अचानक घडलेलं, वाईट आणि एखाद्या व्यक्तीभोवती गुंफता येणारं, त्याची बातमी मोठी होते, असं त्यांनी मांडलं. साठ वर्षांत यंत्रं बदलली, हे फारसं बदललं नाही.

पहलगाम या सगळ्या कसोट्यांना उतरतं. २२ एप्रिल २०२५ ला मारले गेलेले २६ जण, त्यांतले सहा महाराष्ट्रातले. सुट्टीत काश्मीरला गेलेली कुटुंबं. कोल्हापुरातल्या किती घरांत हल्ला झाला त्याच बैसरनच्या कुरणाचे फोटो मोबाइलमध्ये असतील! 'तिथं आपणही असतो' हा विचार आला, म्हणून तुम्ही रडलात. त्यात चूक काहीच नाही. माणसाचं मन सगळ्या जगासाठी सारखं रडू शकत नाही, तसं ज्याला जमेल त्याला एक दिवसही जगता येणार नाही. डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कुणी मागू नये, तुम्हीही स्वतःकडं मागू नका. पण फलक हा तुमच्या एकटीच्या मनाचा नाही, तो शाळेचा आहे. तिथं न्याय मागता येतो आणि त्या मुलीनं तोच मागितला.

एक गोष्ट अजून राहिली आणि ती अवघड आहे. मारणारा कोण, यावरही बातमीचा आकार ठरतो. अमेरिकेत एरिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१५ या काळात तिथं झालेल्या १३६ हल्ल्यांच्या बातम्या मोजल्या. बळी जास्त असले, हल्ला सरकारी ठिकाणावर असला, हल्लेखोर पकडला गेला, की बातम्या वाढत होत्या. हे अपेक्षितच. पण या सगळ्या गोष्टी हिशेबात घेऊनही, हल्लेखोर मुस्लिम असेल तर बातम्या ३५७ टक्के अधिक निघाल्या. हे अमेरिकेचं मोजमाप आहे, ते जसंच्या तसं आपल्याला लावता येणार नाही. मात्र त्याचा परिणाम ओळखीचा आहे. वाचकाला वाटू लागतं, हे काम नेहमी 'तेच' करतात, कारण 'त्यां'नी केलेलं त्याला वारंवार दिसतं आणि बाकीचं दिसत नाही.

आपल्याकडं मालेगाव बघा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. दोन महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक नमाजाला आलेली. त्या प्रकरणात सुरुवातीला मुस्लिम तरुणांनाच पकडलं गेलं. २०१६ साली न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील झालं. त्याच महिन्याच्या शेवटी मालेगावातच २००८ साली झालेल्या दुसऱ्या स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयानं निर्दोष सोडले. वेगवेगळ्या धर्मांचे आरोपी, वेगवेगळी न्यायालयं. अटक झाली तेव्हाचे मथळे लोकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहिले. सुटकेच्या दिवशी बातमी झाली, पण तोवर ज्यांचं आयुष्य गेलं ते गेलं, आणि मृतांच्या घरच्यांना 'मग केलं कुणी?' याचं उत्तर मिळालंच नाही. म्हणून फलकावर अटकेच्या दिवशी 'अतिरेकी पकडला' असं कधीही लिहू नका. 'संशयावरून अटक' लिहा. आणि निकाल लागला की तेवढ्याच मोठ्या अक्षरांत निकाल लिहा. तुमच्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं बसतात. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात काय झालं आणि इंटरनेट कसं बंद करावं लागलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पहलगामच्या २६ जणांत पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही होता, हेसुद्धा त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या.

दहावीच्या मुलाच्या मेसेजबद्दल. मेसेजातली तक्रार बऱ्याचदा खरी असते आणि मेसेज बऱ्याचदा खोटा असतो. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले. आदल्याच दिवशी लेबनॉनमधल्या बैरूतमध्ये दोन आत्मघाती हल्लेखोरांनी चाळीसहून अधिक जणांना मारलं होतं. फेसबुकनं पॅरिसच्या लोकांना 'मी सुरक्षित आहे' सांगायची सोय दिली, बैरूतला दिली नाही, यावर जगभर टीका झाली आणि ती रास्त होती. पण त्याच दिवसांत केनियातल्या गारिसा विद्यापीठावरच्या हल्ल्याची बातमी लाखो लोकांनी 'हे कुणी दाखवत नाही' म्हणून एकमेकांना पाठवली. त्या हल्ल्यात १४८ जण गेले होते, बहुतेक विद्यार्थी. फक्त तो हल्ला २ एप्रिलचा होता, सात महिन्यांपूर्वीचा, आणि बातमी तेव्हाच आली होती. पाठवणाऱ्यांनी ती तेव्हा वाचली नव्हती. बैरूतची बातमीही मोठ्या वृत्तपत्रांत होती. म्हणजे कधी पेपर देत नाही, कधी दिलेलं आपण वाचत नाही. मुलांना हे दोन्ही सांगा. 'मीडिया गप्प का' असा मेसेज आला की आधी तारीख शोधायची, जागा नकाशावर बघायची, मग ती बातमी खरोखर आली होती का ते तपासायचं. आणि तो मेसेज पाठवणाऱ्याला आफ्रिकेतल्या मृतांचं दुःख आहे, की इथल्या कुणावर तरी बोट ठेवायला त्याला ते मृत हवे आहेत, हेही दहावीच्या मुलाला ओळखता आलं पाहिजे.

बातमीचा आकार हल्लेखोरांनाही कळतो, हे विसरू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायलच्या खेळाडूंना ओलीस धरलं गेलं, कारण जगभरचे टीव्ही कॅमेरे तिथं आधीच आले होते. मुंबईच्या हल्ल्यात पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्या बघून ताजमधल्या हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. २०१२ साली कसाबच्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ साली केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आली, नेमलेल्या अधिकाऱ्यानं दिलेली माहितीच दाखवायची असं ठरलं. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ ला मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्यानं तर स्वतःच फेसबुकवर ते थेट दाखवलं होतं. तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की त्याचं नाव माझ्या तोंडून ऐकू येणार नाही. हा नियम शाळेच्या फलकालाही लागू करावा असं माझं ठाम मत आहे. मारणाऱ्याचा फोटो फलकावर नको. रक्ताचे, प्रेतांचे फोटो तर मुळीच नकोत.

मग फलकावर काय? कुठलाही हल्ला असो, सगळ्यांना सारखीच जागा, सारखाच खडू. कुठं, कधी, किती गेले, आणि ती माणसं तिथं काय करत होती. हा शेवटचा तपशील सोडू नका. 'नमाजाला आली होती', 'परीक्षेचा अभ्यास करत होती', 'गाडीची वाट बघत होती', 'वाहनं जाळली होती तिकडं निघाली होती'. बैरूतमध्ये एका माणसानं दुसऱ्या हल्लेखोरावर झेप घेऊन त्याला गर्दीत शिरू दिलं नाही आणि स्वतः गेला. असं काही कळलं तर ते नक्की लिहा. आकडा पहिल्या दिवशी कच्चा असतो, दुसऱ्या दिवशी तो बदलून लिहा आणि बदलला हे मुलांना दाखवा. फलकाशेजारी भारताचा आणि जगाचा नकाशा टांगा. रोज बातमी लिहिणाऱ्या मुलानं ती जागा शोधून खूण करायची. वर्षाच्या शेवटी कुठल्या भागात एकही खूण नाही ते त्यांना आपोआप दिसेल.

फलकाचा एक कोपरा मागच्या बातम्यांसाठी राखा. महिन्यानं, वर्षानं त्या जागी काय झालं, तपास कुठं आला, भरपाई मिळाली का. वृत्तपत्रं इथंच सगळ्यात कमी पडतात, कारण पाठपुराव्याला माणूस लागतो आणि माणसं कमी आहेत. शाळेकडं मुलं भरपूर आहेत.

नववीच्या मुलांकडून एक काम जरूर करून घ्या. मे २०१९ च्या पहिल्या आठवड्याचे आणि एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्याचे एकाच वृत्तपत्राचे अंक मिळवा. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुन्या अंकांची चौकशी करा. मुलांच्या हातात पट्टी द्या. आम्ही जाहिरात आणि बातमी कॉलम सेंटीमीटरमध्ये (किती कॉलम रुंद, किती सेंटीमीटर उंच) मोजतो, तसंच त्यांनी मोजायचं: जांभुळखेड्याला किती, पहलगामला किती, कुठल्या पानावर, किती दिवस, किती फोटो, मृतांबद्दल किती आणि नेत्यांच्या प्रतिक्रियांबद्दल किती. उत्तर काय येईल ते मी आधी सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. मोजून झाल्यावर त्यांना कारणं शोधू द्या, आणि त्यातल्या कुणी 'विकले गेलेत' असं म्हटलं तर 'कशावरून?' एवढंच विचारा.

त्या मुलीला या सगळ्यात पुढं ढकलू नका. तिनं एक प्रश्न विचारला, म्हणून ती गडचिरोलीची प्रतिनिधी होत नाही. तिच्या आईशी आधी बोला, वडील सुट्टीवर आले की त्यांना भेटा. ते कुठल्या ठाण्याला किंवा मदत केंद्राला असतात, कधी जातात-येतात, हे फलकावर, भाषणात, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठंही येता कामा नये.

आणि झेंडावंदनाचं. १ मे हा संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना वंदन करण्याचा दिवस आहेच. त्याच वेळी जांभुळखेड्याच्या सोळाही जणांची नावं वाचा, चालकाचं धरून. नावं त्या वेळच्या अंकांत मिळतील. एप्रिलमध्ये पहलगाम, नोव्हेंबरमध्ये मुंबई, ऑक्टोबरमध्ये लाहेरी आणि आसाम, सप्टेंबरमध्ये मालेगाव, हे दिनविशेषात आधीच लिहून ठेवा, म्हणजे कुणासाठी उभं राहायचं हे त्या आठवड्यात टीव्हीवर काय चाललंय यावर ठरणार नाही. दरवेळी दोन मिनिटं उभं राहायची गरज नाही, नाव आणि तारीख वाचली तरी पुरे. मालेगावचं नाव वाचलं तर एखादा पालक येऊन विचारेल, गडचिरोलीचं वाचलं तर दुसरा येईल. म्हणून यादी आत्ताच करा, मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्या आणि जूनच्या पहिल्या पालक सभेत ती सगळ्यांना वाचून दाखवा.